ओलीचा कडता

नंदुरबारात डिसेंबरात
कुणी रडलं तर कुणी विचारत नाही.
पथाऱ्यांवर मिरची वाळत असते, वारा गावाकडे वळतो,
न्हाव्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांचे डोळे लाल.
मी दोन हिवाळे त्यातच भागवले.
तिसऱ्या वर्षी जून उजाडला तरी थांबेना
तेव्हा कोकिळा म्हणाली,
आता कुठली मिरची?

मी तोलारी. बावीस वर्षं काट्यापाशी.
पोतं चढलं की आकडा मोठ्यानं ओरडायचा.
मग शेठ पोत्यात हात घालतो,
मिरची मुठीत दाबून बघतो, ओली आहे म्हणतो
आणि क्विंटलमागे चार किलो कापतो.
याला ओलीचा कडता म्हणतात.
ज्याचा माल तो काही बोलत नाही.
मीही कधी बोललो नाही.
माझं काम आकडा ओरडायचं.

केंद्र धुळे रोडला, एका बंद गोदामात.
संस्थेनं चुना मारला, पडदे शिवले,
तरी भिंतींत चाळीस हंगामांची मिरची.
पंखा लावला की बाकावरचे सगळे शिंकतात
आणि शिंकून झाल्यावर एकमेकांकडे बघून
थोडं हसतात.
एक पोरगी, शाळेच्या गणवेशातच.
एक एसटीचा कंडक्टर, तिकिटाचं मशीन मांडीवर.
एक म्हातारी, नातवाला घेऊन आले म्हणते,
नातू कुठं दिसत नाही.

पाटीवर लिहिलंय: फी शंभर रुपये. नसतील तर पन्नास.
तेही नसतील तर डब्यात जमेल ते.
डबा दाराआड, कुणाला दिसू नये म्हणून.
मी दहाचं नाणं टाकलं
तर पत्रा असा वाजला
की मार्केट यार्डात ऐकू गेलं असेल.
पुढच्या वेळी नोट नेली. नोट गुपचूप पडते.

हेमांगी वळवी. माझ्या पुतणीच्या वयाची.
टेबलावर घड्याळ आणि पाण्याचा तांब्या.
छापील भाषेत विचारलं, आपल्याला काय त्रास होतो?
मीही छापीलच सांगितलं,
झोप नाही, भूक नाही, बीपी आहे,
तलाठ्याला सांगावं तसं.
ती जरा थांबली. खुर्ची तिरकी करून घेतली.
“काय व्हयनं, भाऊ?”

आता त्या बोलीत मला खोटं बोलता येत नाही.
त्याच बोलीत मी भटूला म्हणालो होतो,
“खालथून वढ, लवकर व्हई.”
पंधरा पोत्यांची थप्पी. संध्याकाळची घाई.
मी काट्यावर ओरडत होतो, एकोणचाळीस आठशे,
आणि पाठीमागे थप्पी बसली.
आवाज फार मोठा नव्हता.
मिरचीचं पोतं मऊ असतं.

पंचनाम्यात मी सांगितलं, थप्पी आपोआप पडली.
शेठनं शिकवलं तसंच.
भटूच्या बायकोला काय ते दिलं म्हणतात.
त्यातूनही थोडं कापलंच असणार.

त्या गुरुवारी मी सगळं काट्यावर ठेवलं,
न वाळवता, फटकी न निवडता.
आता ही मूठ दाबून बघेल,
म्हणेल, एवढं मनाला लावून घेऊ नका,
त्याचं मरण तिथंच होतं, देवाचं नाव घ्या...
क्विंटलमागे चार किलो.
ती काहीच म्हणाली नाही.
जेवढं होतं तेवढं राहू दिलं.
थोड्या वेळानं तांब्या माझ्याकडे सरकवला.

बरं वाटतं का, कोकिळा विचारते.
झोप लागते, तीनपर्यंत.
तीनला सुरतेकडे मालगाडी जाते,
तिचे डबे मोजत पडतो.
ताईंनी विचारलंय, भटूच्या घरी कधी गेलात का.
जा म्हणाल्या नाहीत, नुसतं विचारलंय.

घर रेल्वे फाटकापलीकडे,
सायकलवर सात मिनिटं.
काल फाटकापर्यंत गेलो.
फाटक उघडंच होतं.
मी तरी उभा राहिलो,
गाडी यायची वाट बघत.