विषय क्रमांक चार

मार्सडेनच्या सहकारी दुकानावरची खोली.
सात जण, एक हीटर, कोरम पुरा.
छपराच्या गळतीखाली बादली,
तीन निविदा, आणि त्यातली महागडी
हसतखेळत मंजूर होत आलेली.

मी विचारते, कुणाचे हितसंबंध?
कप थांबतात.
क्लिफर्ड, अध्यक्ष, माझ्या पहिल्या हिवाळ्यात
दारातला बर्फ न सांगता उपसून गेलेला,
बादलीकडे बघत म्हणतो,
"मेहुणा आहे. पण काम चोख करतो."
"करत असेल. मतदान होईपर्यंत
तुम्ही बाहेर थांबा."

जिना करकरतो.
हात वर होतात, मी मोजते, लिहिते.
मधली निविदा. मेहुण्याची नव्हे.

कोट चढवताना तो हळूच:
"मृदुला, ते 'बाहेर गेले' लिहायलाच हवं?"
माझं नाव अजूनही त्याच्या दातांत अडकतं.
"हवं. उद्या कुणी बोट दाखवलं
तर तेवढं एकच वाक्य
तुमच्या बाजूनं उभं राहील."

तो काही बोलला नाही.
महिनाभर दुकानात भेटला, बटाटे निवडत,
मान हलवायचा, बस्स.

पुढच्या सभेत इतिवृत्त वाचलं:
सात चाळीसला बाहेर गेले,
सात बावन्नला परत.
त्यानं चष्मा पुसला, पेन मागितलं.
आडनावातलं एक अक्षर मी खाल्लं होतं,
तेवढं दुरुस्त करून
सही केली.