बिननाडीचे

पाय संध्याकाळी मापायचे असतात, बाबा,
दिवसभरात ते फुगतात,
मी मोबाईलवरून वाचून दाखवलं.
"भरती लागते म्हण की,"
म्हणाले, आणि जाळ्याची सुई खाली ठेवली.

गेल्या सालच्या कॅलेंडरचं पान
उलटं करून फरशीवर अंथरलं.
"पेन्सिल उभी धर," आई चुलीकडून म्हणाली,
ब्लाऊज बेतणारी बाई,
"तिरकी धरलीस तर पाय खोटा येईल."
चाळीस वर्षं ओल्या फळीला धरून धरून
बोटं पसरलेली, मधून पेन्सिल सहज जाते.
उजव्या करंगळीला नख नाही.
ते विंचमध्ये गेलं, तेव्हा मी चौथीत होते
आणि मला सांगितलं होतं, खेकडा चावला.

डावा सव्वीस. उजवा थोडा कमी.
मोठ्या पायाचं माप धरा, असं लिहिलेलं.
"थोरल्यालाच धरतात नेहमी," बाबा म्हणाले.
ते स्वतः घरातले थोरले.

मग निवड.
सगळ्यांखाली एकच शब्द: अस्सल.
"बांगड्याचे कल्ले उघडून बघतो,
चामड्याचं काय उघडायचं?"
मी फोटो मोठा करत गेले, छिद्रं शोधत.
कातडी फार गुळगुळीत, एकसारखी असली
तर वर प्लास्टिकचा लेप.
बाबांना फक्त तळव्याची शिवण बघायची होती,
शिवलाय की चिकटवलाय.
नखानं टाके मोजायला गेले
आणि पडदा सरकून
बायकांच्या सँडल आल्या.

"ह्याला नाडी कुठंय?"
नसते. लोफर आहे.
"दोरी नाय गो, मग धरतं कसं?"
ह्या माणसानं उभा जन्म गाठींवर काढला,
वादळात अंधारात नुसत्या बोटांनी मारलेल्या गाठी.
मी म्हटलं, मापावर धरतं.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

कुरिअरवाला बंदरापर्यंत उतरत नाही,
गाडीला मासळीचा वास लागतो म्हणतो.
आंजर्ले फाट्यावर जाऊन खोका आणला.
आत एक इवली पुडी.
"मीठ?"
खाऊ नका असं लिहिलंय.
"मग कसलं मीठ."

तळ मळला तर परत घेत नाहीत,
म्हणून पलंगावरची चादर खाली टाकली
आणि हर्णैचा हसुराम तांडेल
चादरीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत
दोन्ही हात किंचित फाकवून चालला,
लाट येईल तशा बेतानं.
टाच अर्धं बोट सुटत होती.
ते चालतं, नवं चामडं ताठ असतं,
पुढे वाकायला लागलं की टाच धरतं.
पण बाजूनं करंगळी दाबली जात होती,
नख नसलेली.
ते "बरे आहेत" म्हणाले.
मी चेहरा बघितला. परत पाठवले.

दुसरे आले: नंबर तोच, आठ,
साचा रुंद, रंग सुक्या सुपारीचा.
चामडं रुंदीत सैल होतं, लांबीत नाही,
हे मी त्यांना तीनदा सांगितलं,
चौथ्यांदा त्यांनी मला सांगितलं.
आठ दिवस रोज रात्री बातम्या संपल्यावर
ते चादरीवर येरझारा घालायचे.
आई म्हणायची, चादर झिजेल.
दमट हवा, बुरशी धरेल म्हणून
आत वर्तमानपत्राचे बोळे, वर फडकं,
आणि खोका डिझेलच्या कॅनपासून लांब.

सनद घ्यायला निघालो त्या पहाटे
ते अनवाणीच होते.
बंदराचा चिखल ओलांडून, एस.टी.त बसल्यावर
पाय पुसले, एकेक बोट सुटं करून,
आणि मगच पिशवी उघडली.

सभागृहात फार थंडी होती.
माझं नाव पुकारलं, आडनाव चुकीचं.
मी पुढे निघाले आणि मागून
कुरकुर आली, नव्या चामड्याची,
वल्ह्याच्या खुंटीला ओढ बसली की येते तशी.
वळून बघायची गरज नव्हती,
ओळीत एकटंच कोण उभं राहिलंय ते कळलं.

आणि लगेच आईचा दबका आवाज:
"बसा हो खाली.
लोक बघतायत."