जिथं असशील तिथं

उद्यमनगरात, चौगुल्यांच्या लेथवर
मी बुशिंग कापत होतो तेव्हा
खिडकीत एक टेप असायचा, झाकण नसलेला,
बटणाच्या जागी खिळा,
आणि त्यात दिवसातनं चारदा
पोस्टमन भेंडवडे.

ऐकलाय का? नसंल.
ज्यानं ऐकला नाही त्याला काय सांगायचं,
आणि ज्यानं ऐकलाय
तो आत्तापासनंच हसाय लागला असंल.

भेंडवडेच्या सायकलला घंटी नव्हती.
घंटी तो तोंडानं वाजवायचा
आणि चढ आला की घंटीला दम लागायचा.
लोकांची पत्रं चौकात मोठ्यानं वाचायचा,
वाईट बातमी असली की मात्र
"शाई पुसलीया" म्हणून खिशात घालायचा,
सणवार टळला की गुपचूप आणून द्यायचा.
असा माणूस कुठल्या पोस्टात होता?
कुठल्याच नव्हता. म्हणून तर.

पण खरं सांगू?
माझा जीव ढोलकीवाल्यावर.
कव्हरवर त्याचं नाव नाही, "व इतर" मध्ये तो.
विनोद झाल्यावर थाप कुणीही मारंल,
हा व्हायच्या आधी मारायचा, अर्धीच,
बोटाच्या टोकानं,
हसू आलंय आणि दाबतोय अशी.
त्या अर्ध्या थापेसाठी मी लेथ बंद करायचो.
मालक शिवी द्यायला तोंड उघडायचे
आणि तसेच थांबायचे, ऐकत.
नाद म्हणतात ह्याला. आवाजालाही, खुळालाही
आमच्यात शब्द एकच.

बी बाजूला, शेवटी, ते पत्र.
पत्त्याच्या जागी एवढंच: जिथं असशील तिथं.
भेंडवडे गावभर हिंडतो,
विहिरीत वाकून हाक मारतो,
देवळात विचारतो, गुत्त्यात विचारतो,
वेशीबाहेरच्या खोपटाचं दार वाजवतो,
म्हातारी दार उघडते, पत्र बघते, आणि म्हणते

घर्रर्र.

वीतभर टेप मशीननं खाल्ली होती, शहाऐंशी सालात.
इलाही बागवाननं पेन्सिल घालून गुंडाळली,
चिकटपट्टीनं जोडली,
पण वीत गेली ती गेली.
घर्रर्र नंतर थेट लोकांचं हसणं,
एवढं, की ठसका लागलेला एक माणूस
कॅसेट संपेपर्यंत खोकत राहतो.

मग काय, रात्री गंगावेशीत,
म्हशीची धार चाललेली,
हातात कोमट दुधाचा ग्लास, मिशीला फेस,
आणि तीस वर्षं एकच भांडण:
म्हातारी काय म्हणाली?
इलाही म्हणायचा, "तिकिटाचं पैसं कोण देणार?"
मालक म्हणायचे, "शेजारी बघ."
त्यांना दुसरं सुचायचंच नाही.
वजनकाट्यावरची अक्काताई पाटोळे एकदा
ग्लास खाली ठेवून म्हणाली,
"मला कुठं वाचाय येतंय? ऱ्हाऊ दे तुलाच."
इलाहीच्या नाकातनं दूध आलं.
त्या रात्रीपासनं आम्ही तेच खरं धरलं.

परवा इलाहीच्या नातवानं
फोनवर अख्खी कॅसेट शोधून काढली.
शटर खाली ओढलं. पंखासुद्धा बंद.
म्हातारी दार उघडते, पत्र बघते, आणि म्हणते

काहीच नाही.
एक खुर्ची कुरकुरते.
मग भेंडवडेचा नव्हे, त्या नटाचाच आवाज, बारीक:
"आयला... इसरलो की."
आणि ती अर्धी थाप.
आणि सगळं थेटर फुटतं.

पोरगं हसलं. आम्ही नाही.
"थाप ऐकलीस?" इलाही म्हणाला,
"पडायच्या आधी धरला बघ गड्याला."
पुढं बोलला नाही, चष्मा पुसत बसला,
चष्मा स्वच्छच होता.

अक्काताई आता इचलकरंजीला, लेकीकडं.
कानानं कमी झालीया.
रविवारी दोघं जाणार आहोत सकाळच्या एसटीनं.
काय सांगायचं ते ठरलंय:
नट इसरला असंल, अक्का, म्हातारी न्हाई.
तू म्हणालीस तेच म्हणाली ती.
इलाही हे तिच्या कानाशी ओरडून सांगणार
आणि त्याच्या जरा आधी
मी, कॉटच्या लाकडावर,
बोटाच्या टोकानं.