हात गरम होईपर्यंत

शाळेनं लिहून दिलं: मुलगा हाताबाहेर गेलाय.
चिठ्ठी मी एप्रनच्या खिशात कोंबली.
खवल्यांच्या चिकट ओलीत शाई फुटली,
'हाताबाहेर' एवढंच काय ते वाचता येत राहिलं.

खरंच होतं ते. माझ्या हाताबाहेर तर तो
पाळण्यात होता तेव्हापासून.
नखं कापायची ती झोपल्यावर, टॉर्च दातांत धरून,
एका रात्री एक बोट.
शर्टाच्या मानेवरची पट्टी त्याला चावायची,
केस विंचरायला घेतले की तो मला.

उलिसेस, वय नऊ.
'बे' आणि 'दे' ही दोन अक्षरं त्याच्या वहीत
अजून एकमेकांचे कपडे घालून हिंडतात.

वाल्दिव्हियाच्या नदीकाठी मासळीबाजार,
डावीकडून चौथा ओटा माझा.
मागे समुद्रसिंह, रुसलेल्या मामांसारखे,
माशांच्या डोक्यांसाठी ओरडत बसलेले.
त्या कलकलाटात तो गप्प बसून असायचा, तासन्‌तास.
घरच्या शांततेत नाही.

न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी गोळी दिली. गोळीनं भूक गेली.
मग कुणी दोन्या एदेलमिराचं नाव काढलं.
"पुरावा काही नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या,
"अपायही दिसत नाही. पैसे तेवढे जपा."

एदेलमिरा सत्तरीची,
ओसोर्नोकडे शिंगरं माणसाळवत वाढलेली.
खोलीत लाकडाची चूल, गादी, मेंढीचं कातडं.
भिंतीवर प्रमाणपत्र एकच, तेही शिवणकामाचं.
पहिल्या तासाला ती त्याला शिवलीसुद्धा नाही.
दुसऱ्याही.
बाहेरच्या बाकावर मी हिशेब मांडत बसले:
तासाला आठ हजार पेसो, म्हणजे बऱ्यापैकी एक काँग्रियो,
आणि बाई नुसती बसते!

"शिंगराजवळ जायचं नसतं," ती म्हणाली,
"शिंगराच्या वाटेत बसायचं असतं."
तिसऱ्या तासाला तिचा हात गादीवर, त्याच्यापासून वीतभर लांब.
पाचव्याला त्यानं टाच पुढे केली,
कुणाला तरी उसनी द्यावी तशी.
तिनं ती दाबली, कणीक तिंबावी तशी, चांगला भार देऊन.
हलका हात, म्हणे, त्याच्या अंगावर मुंग्यांसारखा चालतो.
आणि मी आयुष्यभर
हलक्या हातानंच घेत आले होते त्याला.

नवव्या तासाला तिनं मला आत बोलावलं.
बाजारातूनच आले होते. नळाखाली हात धुतले, लिंबू चोळलं,
तरी वास येतोय असंच वाटत होतं.
तळवा त्याच्या पोटरीवर ठेवला, तिनं दाखवला तसा.
तो आक्रसला.
आणि माझ्याकडे न बघता, अख्खं वाक्य बोलला:
"तुझे हात गार आहेत."

नऊ वर्षं.
नऊ वर्षं मी बर्फाच्या पेटीतून थेट त्याच्याकडे धावत येत होते,
पहाटे चारपासून भिजलेली बोटं घेऊन.
ती बोटं माझी मलाच केव्हाची लागेनाशी झालेली.
मला हसू फुटलं, असं की
एदेलमिरानं उठून पाणी आणलं.

तेवढंच नव्हतं, कळतं मला.
गेल्या मंगळवारी त्यानं वर्गात खुर्ची फेकली.
गोळी अर्धी चालू आहे. चावणं पावसासारखं, येतं, जातं.
"गार हातांनी कुणाची अक्षरं उलटी होत नाहीत,"
हे एदेलमिरानंच सांगितलं,
त्या दिवशीचे पैसे मोजून घेताना.

संध्याकाळी मी चुलीपुढे बसते, दोन्ही हात पसरून.
शेजारची नेल्दा खिडकीतून विचारते, कुणाकडे काय मागतेयस गं?
मी उत्तर देत नाही.
तो येतो.
माझ्या तळव्याला एकच बोट लावतो,
इस्त्री तापली का बघावं तसं,
आणि झटकन काढून घेतो.

"अजून नाही."

मी आणखी एक लाकूड आत सारते.