वराज आले

पहाटे विमान उतरायला लागलं तेव्हा खाली
शहर असं दिसलंच नाही, नुसते पत्रे दिसले,
गंजके, निळे, मधेच एखादा नवा, डोळ्यांवर येणारा,
आणि टेकड्यांवर निलगिरीची झाडं
प्रार्थनेला उशिरा आलेल्या पोरांसारखी, रांग सोडून.

खिडकीपाशी वर्कनेश. कपाळ काचेला टेकवून
काहीतरी मोजत होती. काय, ते कळेना.
आठ वर्षं शारजात. दोन घरं, तीन बाळं वाढवली, म्हणाली,
दुसऱ्यांची.
हिंदी येत होती तिला, पण मालकिणीकडून शिकलेली,
म्हणजे सगळी वाक्यं हुकमाची:
बैठो. पानी पियो. पासपोर्ट संभालो.
मी ऐकलं सगळं.

विमानतळाचं नाव बोले,
आणि माझ्याशी कुणी बोलेना.
व्हिसाच्या रांगेतून सुटलो तेव्हा साडेआठ.
न्यायला देबेबे यायचा होता, एक वाजता.
मी बाकावर बैठक मारली, बूट सैल केले,
दुपारपर्यंत पुरवायचं म्हणून बिस्किटाचा अर्धाच पुडा खाल्ला.

तेवढ्यात ती ट्रॉली ढकलत परत आली.
"एक? एक तो गया."
इथे दिवस उजाडला की तास मोजायला घेतात.
आपल्या सातचा इथे एक.
देबेबे वेळेवर आला असणार, माझ्या नावाची पाटी धरून उभा राहिला असणार
आणि कंटाळून गेला असणार,
मी अजून शिक्क्याची वाट बघत होतो तेव्हा.

वर्षंसुद्धा मागे आहेत, म्हणाली, सात-आठ.
ती गेली तेव्हा तिकिटावर जे साल होतं
ते इथे आत्ता चालू आहे.
यावर ती इतकी हसली की ट्रॉलीवरचा मिक्सर घसरला.
"देखो, मैं गया ही नहीं."

मग निळी-पांढरी मिनीबस. बारा जणांची, आत सतरा,
अठरावा मिक्सर, माझ्या मांडीवर.
दारात लोंबकळणारा वयाला, मिसरूड नुकतं फुटलेलं,
गावांची नावं एका श्वासात तीनतीनदा फेकायचा
आणि सुटे पैसे बोटांच्या बेचक्यांत उभे धरायचा.
उंचीमुळे मला धाप लागत होती. त्याला नाही.

पहिल्या चढापर्यंत ती बोट दाखवत होती:
इथे शिंपी. इथे मावशीची खोली, आत दोन बकऱ्या.
बोटासमोर दर वेळी रुंद नवा फूटपाथ,
नवे दिवे, काठ्यांना बांधून उभे केलेले ताड.
मागे हिरवे पत्रे ठोकलेले,
त्यावर होणाऱ्या इमारतीचं चित्र,
चित्रात गोरीगोमटी माणसं कॉफी पिताना.
दुसऱ्या चढाला बोट खाली आलं.
तिसऱ्याला तिनं बॅगेची चेन उघडली, लावली, उघडली.

"डाब्बो बेत, डाब्बो बेत, डाब्बो बेत!"
म्हणजे पावाचं घर. तिच्या गल्लीच्या तोंडाची बेकरी.
बेकरी नव्हती. गल्ली नव्हती. तोंड नव्हतं.
त्या पोरानं तिथला पाव खाल्लाही नसेल,
तरी हाक तशीच, भट्टीतून आत्ता काढल्यासारखी.
लोक त्या हाकेवर चढत होते, उतरत होते.

आणि तेव्हा ती ओरडली, अख्ख्या प्रवासात पहिल्यांदा
हुकमाचा नसलेला आवाज:
"वराज आले!"

उतरणारं कुणीतरी आहे, एवढाच अर्थ.
रोज हजार माणसं ओरडतात.
पण मला त्यातलं शेवटचंच ऐकू आलं:
आले.
बाहेरूनच, चपला काढायच्या आधी
आतल्या माणसांना सांगतात तसं.

दार सरकलं. बॅग, बॅग, ब्लँकेट, मिक्सर.
फूटपाथवर ती कुठल्या बाजूला तोंड करून उभी राहिली
हे बघेपर्यंत गाडी हलली.

माझं हॉटेल आलं. म्हणजे बहुतेक तेच.
काय म्हणायचं ते एकच माहीत होतं,
ते मी माझ्या व्याकरणानं म्हणालो,
वराज आलो.
कुणी हसलं नाही.
गाडी थांबली.