अर्धा अंश

उद्यमनगरात, गल्लीच्या तोंडाशी,
हुसेनचाचा शिकलगारांचं एका लेथचं दुकान.
शनिवारी दुपारी मी तिथं गेले
डब्याच्या पिशवीत एक मोटार घेऊन:
वीतभर, सागाच्या तुकड्याची,
चार चाकं, चार खिळे.
मोटार चिरंजीवांची. शाळेतली शर्यत मंगळवारी.
मोटार डावीकडं जाते.

आठवडाभर मी शिरोलीत
दुसऱ्यांची चाकं तपासते. डायल गेजचा काटा
दोन शतांश हलला, की लाल खडू.
ट्रक भरतील एवढी चाकं नापास केलीत मी.
आणि घरच्या कडाप्प्यावर,
पिठाचा डबा ते शेगडी एवढ्याशा अंतरात
ही ढालगज चार बोटं सरकते,
थेट चटणीच्या बरणीवर.
निहाल म्हणाला, आई, तू तर मोजतेस ना गं?

चाचांनी आधी मोटार कानाला लावली.
एक चाक फिरवलं, डोळे मिटून.
"खिळा बघ. बाजारचा खिळा.
डोक्याखाली साच्याची शिवण ऱ्हात्या.
चाक बिचारं तिच्यावर ठेचकाळतंय."

खिळा ड्रिलच्या चकमध्ये. आधी बारीक कानस,
मग चारशेचा पॉलिश पेपर,
मग बाराशेचा, पाण्यात बुडवून,
शेवटी दातांची पेस्ट, जुन्या बनियनच्या चिंधीवर.
खिळ्यात दुकानाची ट्यूबलाईट दिसायला लागली.

मग फळीवरच्या डब्यातून निघाला
पेढ्याएवढा लोखंडी ठोकळा.
पोटाला खाच, कडेला दोन भोकं,
भोकांशेजारी पंचनं ठोकलेलं: डा, उ.
"पोरीच्या येळेला केलता.
आता पुण्यात असत्या ती. लोकांच्या दातांना तारा बसवत्या.
म्हंजे हेच की."

जुनी भोकं बुजवली, ठोकळा लाकडाला घट्ट आवळला.
बिट आत गेलं तसा सागाचा वास
लेथच्या तेलातून वाट काढत आला.
एक भोक. समोरचं भोक. खिळे. चाकं.
गुण्या लावून उजेडाकडं धरलं:
फटीतून काहीच आलं नाही.
प्लेटवर खडूची रेघ ओढून मोटार सोडली
आणि ती रेघेवरनं गेली,
रेघ जणू तिच्यासाठीच खोदलेली चाकोरी.

मी पर्स उघडली.
"थांब," चाचा म्हणाले, "आता हिला जरा बिघडवूया."

"सरळ मोटार लई वंगाळ, पोरी.
फळीच्या मधोमध पट्टी असत्या न्हवं?
सरळवाली हिकडं धडकणार, तिकडं धडकणार,
धडकून धडकूनच दमणार.
हिला एका अंगाला टेकू दे.
पट्टीला गाल घासत खाली जाऊ दे, गप."

पुढचा डावा खिळा काढून बाकावर धरला
आणि हातोडीचा एकच ठोका,
पापड मोडेल न मोडेल असा.
पुढचं उजवं चाक कागदाएवढं वर उचललं.
"तिघं पळत्यात. चौथं नुसतं शोभंला."
मी कोनमापक लावला. सवयच.
अर्धा अंश.

अकरा वर्षं असल्या अर्ध्या अंशांना
मी लाल खडू मारत आले.
त्यातले किती कुणी मुद्दाम ठेवले असतील?
एकही नाही. मला माहीत आहे.
तरी केएमटीत खिडकीपाशी बसून
टेंबलाईपर्यंत मोजत राहिले.

पैसे घेतले नाहीत. "जिंकली तर फोन कर.
हरली तर ठोकळा गुमान आणून दे."

रात्री कडाप्पा पुसला, भांडी बाजूला सारली.
निहालनं पिठाच्या डब्यापासून मोटार सोडली.
आवाज आला नाही. लांबवर गेली,
बरणीला नुसती चाटून, एक बोट डावीकडं.

आई, अजून वाकडीच जाते की.

हो, मी म्हणाले.
मोजून.