कुलूप

बस बुधवारी पहाटे, फैसल रस्त्यावरून.
अस्वान, मग तलाव, मग वादी हल्फा,
मग जे काही उरलं असेल ते.
तिकीटवाला म्हणाला, माणशी दोन बोचकी.
मी म्हटलं, घर दोन बोचक्यांत मावत नाही.
तो पावती फाडत म्हणाला,
बाई, येताना मावलं होतं ना?

मुझम्मिल पुढे गेलाय, चार महिने झाले.
त्याचे निरोप रात्री दोननंतर येतात,
शेजारच्या गच्चीवर इंटरनेट सापडलं की.
आवाजात वारा, मागे कुत्रं, आणि यादी:
जुलाबाच्या पुड्या. पाण्यात टाकायच्या गोळ्या.
मच्छरदाण्या दोन, डेंग्यूने पलीकडची गल्ली झोपवलीय.
उन्हावर चालणारा दिवा, पण स्वस्तातला नको, आठवड्यात मरतो.
डॉलर कोरे आण, घडी पडलेली नोट इथे कुणी घेत नाही.
निम्मे चपलेत शिव,
निम्मे कुठे ते मलाही सांगू नकोस.

बाबांचं इन्सुलिन थर्मासमध्ये.
बर्फ अस्वानपर्यंत टिकेल, पुढे ओलं गोणपाट आणि सावली.
ओम्दुरमानला औषधांच्या दुकानात मी अकरा वर्षं काढली.
"आठ अंशांच्या वर जाऊ देऊ नका" असं
किती जणांना सांगितलं असेल,
पंख्याखाली बसून, मान वर न करता.

हाजा सित्तना तिसऱ्या मजल्यावरून उतरली, गुडघे धरत.
बहिणीला काहीतरी पाठवायचं होतं.
मला वाटलं, सुकवलेली भेंडी, अत्तर, नातवाचे बूट.
बूट होतेच. आणि पांढरं कापड,
धुतलेलं, घडी घातलेलं, अंगभर पुरेल इतकं.
"तिकडे महाग झालंय म्हणे.
घाई नाही, सांग तिला. नुसतं कपाटात असू दे."
मी ते बोचक्यात तळाशी घातलं,
मग पुन्हा वर काढलं.
त्याच्यावर बूट कसे ठेवणार?

सगळ्यात वेळ लागला फोन साफ करायला.
नाक्यावर फोन मागतात,
आणि नाका कुणाचा
ते नाका आल्याशिवाय कळत नाही.
इसामचं लग्न, मागे गणवेशातला आतेभाऊ: पुसलं.
चौकातली गर्दी, तोब खांद्यावरून घसरलेला,
मी घोषणा देताना, तोंड उघडं: पुसलं.
जळक्या दुकानाचा कुणीतरी पाठवलेला फोटो,
पाटीवरची दोनच अक्षरं शाबूत: तोही.
आईचा एक ठेवला.
कॉफी भाजतेय. धुरात चेहरा दिसतच नाही.
त्याला कोण काय विचारणार.

सात नंबर पाठ केले,
पाढे म्हणावेत तसे, जिना उतरताना.
पाचवा दर वेळी चुकतो.

सोमवारी रात्री मी मुझम्मिलला विचारलं,
किल्ली आहे माझ्याकडे, तिला गंज चढला असेल का?
दोन वर्षं गळ्यात आहे, आंघोळीतसुद्धा.
बराच वेळ नुसता वारा.
मग म्हणाला, "इजलाल, किल्ली नको.
दार आहे अजून. कुलपाच्या जागी
हात जाईल एवढं भोक आहे.
त्यातून एक मांजर ये-जा करतं, आपलं नाही.
कुलूप आण. कडी-कोयंडा आण. लांब स्क्रू आण.
इथे काय वाटेल ते मिळतं, स्क्रू मिळत नाहीत."

अताबाच्या बाजारात दुकानदाराने तीन कुलपं मांडली.
दार केवढं आहे, त्याने विचारलं.
मी हात पसरून दाखवलं,
आणि ते खाली घ्यायचं विसरले.
मागचं गिऱ्हाईक खाकरलं.
दुकानदाराने काही न बोलता सगळ्यात जड कुलूप पुढे सरकवलं,
स्क्रू मोजून बारा घातले, मग मूठभर तसेच.

किल्ल्या तीन निघाल्या.
एक बाबांना, एक मुझम्मिलला.
तिसरी रात्री वर जाऊन हाजा सित्तनाच्या हातात दिली.
"अगं, दार तिकडे, मी इकडे. मी काय करू हिचं?"
म्हटलं, घाई नाही.
नुसती कपाटात असू दे.